कारकुनाच्या शवपेटीतला कायदा

इ.स.पू. २१७ च्या सुमारास चीनच्या पहिल्या, म्हणजे छिन साम्राज्याच्या दक्षिण भागात, आनलू नावाच्या तालुक्याच्या गावी, एक सरकारी कारकून वारला. वय पंचेचाळीसच्या घरात. त्याला पुरताना शवपेटीत त्याच्या डोक्याशी, कुशीला आणि पायांशी बांबूच्या पातळ पट्ट्यांच्या गुंडाळ्या रचल्या गेल्या. पट्टी जेमतेम वीतभर लांब, बोटापेक्षाही अरुंद, आणि तिच्यावर शाईने उभं लिहीत गेलेलं बारीक अक्षर. अशा ११५५ पट्ट्या. त्या थडग्यात पुढे पाणी भरलं आणि त्या पाण्यानेच बांबू टिकवला. १९७५ च्या अखेरीस हूबेई प्रांतात युनमंग गावाजवळ शुइहूदी इथे गावकरी पाटाचं खोदकाम करत होते, तेव्हा ही थडगी उघडी पडली. या कारकुनाचं थडगं अकरा नंबरचं. त्याचं नाव शी.

चीनच्या प्राचीन काळाबद्दल मराठीत आपण वाचतो ते बहुधा दोन टोकांचं असतं. एकीकडे कन्फ्युशियसची शांत वचनं, दुसरीकडे पहिला सम्राट, त्याची भिंत, त्याचं मातीचं सैन्य, जाळलेली पुस्तकं. या दोन टोकांच्या मध्ये जो देश रोज उठून कामाला लागत होता, तो दिसत नाही. तो मला शीच्या पट्ट्यांमध्ये दिसला. म्हणून प्राचीन चीन समजून घ्यायचा तर सुरुवात या माणसापासून करावी, असं माझं ठाम मत झालं आहे.

त्या पट्ट्यांमध्ये एक सालवारी आहे. इ.स.पू. ३०६ पासून दर वर्षाला एक ओळ, आणि ओळीत बहुतेक लढायाच. अमुक गाव घेतलं, तमुक राज्यावर चाल केली. पण मध्येच घर डोकावतं. राजाच्या कारकिर्दीच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, बाराव्या महिन्यात, कोंबडा आरवायच्या वेळी शी जन्मला. दोन वर्षांनी, इ.स.पू. २६० ला, चांगपिंगची लढाई झाली. तीत शरण आलेल्या लाखो सैनिकांना छिनच्या सेनापतीने ठार केलं, असं इतिहासकार सीमा छियेन लिहितो. शीच्या सालवारीत त्या वर्षापुढे एवढंच आहे: चांगपिंगवर हल्ला, अकराव्या महिन्यात गान जन्मला. हा गान त्याचा धाकटा भाऊ असावा. पुढे शी सतराव्या वर्षी सरकारदप्तरी नोंदला गेला, मग कारकून झाला, मग वरच्या जागेवर गेला, मध्ये सैन्यात जाऊन आला, इ.स.पू. २३५ ला यान इथे फौजदारी खटले पाहू लागला. बाप गेला त्याची तारीख आहे, आई गेली तिची तारीख आहे, मुलं झाली त्यांच्या तारखा आहेत. आणि इ.स.पू. २२१, ज्या वर्षी सहा राज्यं संपून पहिल्यांदा एक चीन झाला, जे साल जगातल्या प्रत्येक इतिहासाच्या पुस्तकात ठळक छापलेलं असतं, त्या वर्षापुढे शीने काहीही लिहिलेलं नाही. ओळ कोरी आहे. दोन वर्षांनंतर एक छोटी नोंद आहे: सम्राट आनलूवरून गेले.

मी स्वतः महसूल खात्यात नोकरी केली आहे. आवक-जावक, वारस नोंदी, पंचनामे, वरून आलेल्या परिपत्रकांच्या नकला यांतच माझी बरीच वर्षं गेली. त्यामुळे ती कोरी ओळ मला पटकन कळली. कचेरीतल्या माणसाला राज्य बदलल्याची चाहूल पेरणीच्या अहवालाचा नमुना बदलला की लागते.

आता थोडं त्या काळच्या विचारवंतांबद्दल, कारण त्यांच्या भांडणाशिवाय शीच्या पट्ट्यांचा अर्थ लागत नाही. कन्फ्युशियस (इ.स.पू. ५५१ ते ४७९) म्हणत होता की लोकांना हुकूम आणि शिक्षा यांच्या बळावर हाकलं तर ते शिक्षा चुकवायला शिकतात, लाज मात्र शिकत नाहीत, सदाचार आणि रीतीभाती यांच्या आधाराने चालवलं तर लाजही शिकतात आणि सरळही होतात. त्याच्यानंतर सव्वाशे वर्षांनी शांग यांग या मंत्र्याने छिन राज्यात नेमकी उलटी वाट धरली. इ.स.पू. ३५६ पासून त्याने जे बदल केले त्यांत पाच-पाच घरांचे गट होते, एकाच्या गुन्ह्याला शेजारी जबाबदार होता, जन्माच्या मोठेपणाला किंमत नव्हती, रणांगणावर शत्रूचं मुंडकं आणलं की दर्जा वाढत होता. त्या वाटेचा सगळ्यांत धारदार लेखक हान फेई. त्याचं म्हणणं असं की सज्जन राजा हजार वर्षांत एखादाच जन्मतो, म्हणून राज्य अशा कायद्यावर उभं करा जो मध्यम कुवतीच्या राजालाही चालवता येईल. इ.स.पू. २३३ मध्ये छिनच्याच तुरुंगात हान फेईला विष घ्यावं लागलं, तेव्हा शी तिशीला टेकला होता. शीच्या पेटीत या दोघांपैकी कोणाचाही ग्रंथ नाही. तिथे आहे ते त्या विचारांचं रोजच्या कामातलं रूप.

धान्याच्या कोठाराचं एक प्रश्नोत्तर पाहा. कोठारात उंदरांची किती बिळं सापडली तर अधिकाऱ्याला दोषी धरायचं? उत्तर: कचेरीचा प्रघात असा की मोठ्या उंदरांची तीन किंवा जास्त बिळं असली तर एका ढालीच्या किमतीइतका दंड, दोन किंवा कमी असली तर समज द्यायची. आणि चिचुंद्रीएवढ्या लहान उंदरांची तीन बिळं म्हणजे मोठ्या उंदराचं एक बीळ धरायचं. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा कितीतरी वेळ तिथेच थांबलो. कोणीतरी कोठारात गुडघ्यांवर बसून बिळं मोजली असणार. कोणीतरी म्हटलं असणार की ही तर लहान बिळं आहेत, साहेब, ही कशी धरायची? तो प्रश्न वर गेला, उत्तर खाली आलं, आणि शीने ते उतरवून घेतलं.

असे नियम पट्टीमागून पट्टी येतात. शेतकामाच्या सरकारी बैलाचा घेर वर्षातून ठरलेल्या वेळी मोजायचा. काम करून बैल रोडावला तर घेराच्या प्रत्येक त्सुन या मापामागे, म्हणजे सव्वादोन सेंटिमीटरमागे, राखणाऱ्याला दहा फटके. बैल उत्तम असले तर दारू आणि सुकं मांस बक्षीस. पाऊस वेळेवर पडला, पीक निसवलं, की तालुक्याने किती क्षेत्राला फायदा झाला ते लेखी कळवायचं. दुष्काळ, वादळ, पूर, टोळधाड यांचंही तसंच. जवळच्या तालुक्याने पायी चालणाऱ्या चपळ माणसाबरोबर, लांबच्याने टपालाच्या टप्प्यांनी. तोंडी चालणार नाही. दुसऱ्याच्या झाडावरची तुतीची पानं तोडली, किंमत एका नाण्याहूनही कमी, तरी तीस दिवस वेठ. पाच जणांनी मिळून चोरी केली आणि ऐवज एका नाण्याहून थोडा जास्त असला, तर डावा पाय तोडून, चेहऱ्यावर गोंदून, आयुष्यभराच्या बांधकाम-मजुरीला.

हा शेवटचा नियम वाचून मन विटतं, आणि विटायलाच हवं. छिनची शिक्षा क्रूर होती. पण त्याच पट्ट्यांमध्ये वसंतातल्या दुसऱ्या महिन्यापासून डोंगरातली झाडं तोडायची नाहीत, पाण्याची वाट अडवायची नाही, पाडसं आणि पाखरांची अंडी घ्यायची नाहीत, विष टाकून मासे मारायचे नाहीत, अशी बंदी आहे. तिला अपवाद एकच: घरात कोणी दुर्दैवाने वारलं आणि शवपेटीसाठी लाकूड हवं असेल तर ऋतू पाहायचा नाही. डावा पाय तोडणारा कायदा आणि हा कायदा एकाच हाताने उतरवलेला आहे.

तपासाच्या कामाचे नमुनेही शीकडे होते. त्यांतला घरफोडीचा पंचनामा कुठल्याही पोलीस ठाण्यात आजही शिकवावा असा आहे. नवरा-बायको रात्री एका खोलीत झोपले, बाजूच्या खोलीत भरणी घातलेला लांब अंगरखा ठेवलेला होता. सकाळी उठून पाहतात तर भिंतीला भोक आणि अंगरखा गायब. अधिकारी येतो. भोकाची उंची-रुंदी मोजतो, वरचा आकार डुकराच्या खुराड्याच्या तोंडासारखा असल्याचं लिहितो, कसल्या छिन्नीने उकरलं असावं ते खुणेवरून सांगतो. सांडलेल्या मातीवर गुडघ्यांचे आणि हातांचे ठसे सहा-सहा ठिकाणी. बाहेर जोड्याचे ठसे चार ठिकाणी, त्यांची लांबी एवढी, ठसा कुठे खोल, कुठे उथळ. माणसांना नावं नाहीत. जिथे आपण अ, ब, क लिहू तिथे त्यांची स्वतःची तशी अक्षरं आहेत, कारण हा धडा आहे.

आणि याच नमुन्यांच्या संग्रहात जबाब घेण्याबद्दलची ती ओळ आहे, जिच्यासाठी शीबद्दल माझ्या मनात कायमचा आदर निर्माण झाला. चौकशीत माणसाच्या बोलण्याचा लेखी माग काढत, मारहाण न करता सत्य हाती आलं तर ते काम उत्तम. मारहाण करून आलं तर ते कनिष्ठ. आणि भीती घातली तर सगळं काम वाया. पुढे मारहाणीला वाव दिलेला आहेच: वारंवार खोटं बोलला, जबाब बदलला, तर फटके द्यावेत, पण दिले हे आणि का दिले हे नोंदवावं. तेवीसशे वर्षांपूर्वीच्या, जगातल्या एका सर्वांत कठोर राज्यातल्या कचेरीचा हा दंडक. ज्यांना वाटतं की क्रूर राजवटीत प्रत्येक माणूस क्रूरच असतो, त्यांनी ही पट्टी वाचावी.

आता मेंढीची गोष्ट. कन्फ्युशियसला एक प्रांताधिपती अभिमानाने सांगतो की आमच्याकडे एक असा सरळ माणूस आहे, की बापाने मेंढी चोरली तर त्याने बापाविरुद्ध साक्ष दिली. कन्फ्युशियस म्हणतो, आमच्याकडचे सरळ लोक वेगळे असतात; बाप मुलाला पाठीशी घालतो, मुलगा बापाला पाठीशी घालतो, सरळपणा त्यातच असतो. अडीचशे वर्षांनी हान फेई हीच गोष्ट उचलतो आणि संतापतो. त्याच्या कथेत अशी साक्ष देणाऱ्या मुलालाच अधिकारी ठार करतो, कारण तो राजाशी इमानी असला तरी बापाशी बेइमान. आणि शेजारीच दुसरा माणूस आहे जो तीनदा लढाईतून पळाला; का, तर घरी म्हातारा बाप आहे, मी मेलो तर त्याला कोण बघणार? कन्फ्युशियसने त्याला वाखाणलं. हान फेई म्हणतो, बापाचा गुणी मुलगा तो राजाचा फितूर प्रजाजन. दोन्ही गोष्टी एकदम सांभाळू म्हणाल तर राज्य बुडेल.

हा वाद माझ्या जिव्हाळ्याचा आहे. मुलाने बापाविरुद्ध आणि बापाने मुलाविरुद्ध केलेले अर्ज मी स्वतःच्या हाताने नोंदवून घेतले आहेत. बांधावरून, विहिरीच्या पाळीवरून, खोट्या सहीवरून. अर्ज देताना मुलगा वर बघत नाही, हे मला ठाऊक आहे. त्यामुळे हान फेईच्या विचारांवर चाललेलं छिन राज्य या प्रश्नाला काय उत्तर देत होतं, हे शीच्या पट्ट्यांमध्ये मी आधाशासारखं शोधलं.

उत्तर तिथे स्वच्छ लिहिलेलं आहे. मुलाने आई-बापाविरुद्ध फिर्याद आणली, गुलामाने धन्याविरुद्ध आणली, तर ती सरकारी फिर्याद नव्हे, ऐकायची नाही. तरी तो हट्टाने फिर्याद करतच राहिला तर दोषी तोच. बापाने मुलाचं चोरलं तर ती चोरी नाही. सावत्र बापाने चोरलं तर ती चोरी.

म्हणजे ज्या राज्याने शेजाऱ्याला शेजाऱ्याविरुद्ध खबर द्यायला लावलं, ते राज्य घराच्या उंबऱ्यापाशी थबकलं होतं. हान फेईने कितीही तर्क लढवला तरी प्रत्यक्ष कचेरीत मेंढी चोरणाऱ्याच्या मुलाची साक्ष बापाविरुद्ध उभी करायची सोय नव्हती. यात मला माया दिसत नाही, हेही सांगून टाकतो. कारण लगेच दुसऱ्या बाजूचे नमुने आहेत. बाप कचेरीत येऊन म्हणतो, माझा मुलगा माझं ऐकत नाही, त्याला ठार करा. आणि कचेरी लगेच माणूस पाठवून मुलाला बांधून आणते. दुसरा बाप म्हणतो, माझ्या मुलाच्या पायात बेड्या घालून त्याला दूरच्या शू प्रांताच्या सीमेवर कायमचं पाठवा, तेही होतं. बापाला घरातला राजा करून ठेवला की वरच्या राजाचं अर्धं काम होतं, हा हिशेब त्यात उघड आहे. तरीसुद्धा कायद्याला एक जागा सोडावी लागली, जिथे तो आत शिरत नव्हता. ती जागा कन्फ्युशियसने दाखवलेलीच होती.

शीच्या पेटीत अधिकाऱ्याने कसं वागावं याचं एक टिपण आहे. स्वच्छ आणि सरळ राहावं, सावध असावं, खासगी हेतू ठेवू नये, बारीक तपासावं, शांत असावं आणि जाच करू नये, बक्षीस आणि शिक्षा नीट तोलावी. मग पुढे: राजा असशील तर ममता ठेव, सेवक असशील तर निष्ठा, बाप असशील तर माया, मुलगा असशील तर सेवा. हे बोल कन्फ्युशियसच्या घराण्यातले आहेत, आणि ते छिनच्या कायद्यांच्या गुंडाळीशेजारी ठेवलेले आहेत. त्यांच्याही शेजारी शुभाशुभ दिवसांची दोन पंचांगं. कोणत्या दिवशी लग्न करावं, कोणत्या दिवशी जन्मलेलं मूल कसं निघेल, विनाकारण मागे लागलेल्या भुताला पीचच्या लाकडाच्या धनुष्याने, काटेरी झाडाच्या बाणाने, बाणाला कोंबडीचं पीस लावून कसं मारावं. पुस्तकांत हे सगळे पंथ एकमेकांशी भांडतात. एका माणसाच्या अंगाखाली ते निमूट शेजारी शेजारी होते, कारण त्या माणसाला सकाळी कचेरीत जायचं होतं, संध्याकाळी मुलांत यायचं होतं आणि मध्ये कधीतरी मरायचंही होतं.

शीच्या थडग्याजवळच चार नंबरचं थडगं आहे. त्यात लाकडी फळ्यांवरची दोन पत्रं सापडली. चीनमध्ये आजवर मिळालेली घरगुती पत्रं म्हणावीत अशी ही सर्वांत जुनी. लिहिणारे हेइफू आणि जिंग हे दोघे भाऊ, छिनच्या सैन्यातले साधे शिपाई. इ.स.पू. २२३ च्या आसपास छू राज्याविरुद्धच्या मोहिमेवर, हुआययांगला. पत्र घरी राहिलेल्या भावाला, झोंगला. मजकूर मी माझ्या शब्दांत देतो, पण यात माझ्या पदरचं काही नाही.

हेइफू लिहितो: झोंगदादा, आई बरी आहे ना? आम्ही दोघे बरे आहोत. मध्ये आमची ताटातूट झाली होती, आता परत एकत्र आहोत. उन्हाळी कपडे आणू नकोस, पैसे पाठव, असं मी मागे कळवलं होतं. आता हे पत्र पोचलं की आईने आनलूच्या बाजारात रेशमी कापडाचा भाव बघावा. स्वस्त असेल तर बिनअस्तराचा पोशाख जरूर शिवून पैशांबरोबर पाठवावा. महाग असेल तर नुसते पैसे पाठवा, कापड मी इथे घेईन. आम्ही बंडखोर शहराला वेढा घालून बरेच दिवस झाले. जखम कधी होईल सांगता येत नाही. आईने पैसे कमी पाठवू नयेत.

जिंगचं पत्र जास्त घाईचं. पाचसहाशे नाणी पाठव, आणि चांगलं कापड, अडीच झांगपेक्षा, म्हणजे पावणेसहा मीटरपेक्षा, कमी नको. इथे युआन बाई नावाच्या एकाकडून उसने घेतलेले पैसे खर्च झाले, घरून आले नाहीत तर मेलोच. तातडीचं, तातडीचं, तातडीचं. मग नव्या नवरीची चौकशी: म्हाताऱ्यांकडे नीट लक्ष दे म्हणावं. मी घरापासून लांब आहे, तेव्हा पोरीला दादा तू सांग, सरपणासाठी लांब जायचं नाही. आत्याला बाळ झालं का, सुखरूप आहे ना? नव्याने जिंकलेल्या मुलखात शहरं ओस पडली आहेत, चोर शिरले आहेत. दादा, तू तिकडे मुळीच जाऊ नकोस. तातडीचं, तातडीचं, तातडीचं.

छिनच्या सैन्याबद्दल इतकं लिहिलं गेलं आहे, पण त्या सैन्यातल्या शिपायाला स्वतःच्या कपड्यांचे पैसे घरून मागवावे लागत होते, हे या फळ्यांवाचून इतक्या जवळून कधी कळलं नसतं. ज्या मोहिमेने चीन एक झाला, तिचा काही भाग आनलूच्या एका बाईच्या सुईने शिवलेला होता.

हेइफूच्या पत्रात आणखी एक वाक्य आहे. उत्तर लिहाल तेव्हा आपल्या घराचा दर्जा आला की नाही ते जरूर कळवा. हा शांग यांगचा दर्जा. एकूण वीस पायऱ्या होत्या, आणि पायरी चढली की जमीन, घराची जागा, शिक्षेत सवलत. शीच्या पट्ट्यांमध्ये त्याचा एक नियम आहे: ज्याचे आई किंवा बाप सरकारी वेठबिगारीत पडले असतील, त्याने दोन दर्जे परत केले तर त्यांतल्या एकाला सोडवता येईल. म्हणजे शत्रूची मुंडकी मोजून मिळवलेला मान देऊन आई विकत घ्यायची. हान फेईला वाटत होतं की लढवय्या आणि गुणी मुलगा ही दोन वेगळी माणसं आहेत. हेइफू एकाच फळीवर आईला कापडाचा भाव विचारतो आणि सरकारला दर्जा विचारतो. त्याच्यासाठी लढाई घरासाठीच होती.

छिन साम्राज्य एकीकरणानंतर पंधरा वर्षंही टिकलं नाही. सीमा छियेनने शंभर वर्षांनी त्याच्या शेवटाची जी गोष्ट लिहिली, ती चीनमध्ये शाळकरी पोरालाही येते. इ.स.पू. २०९, दाझ गावाजवळ ९०० माणसं सीमेवरच्या चाकरीला निघालेली, मुसळधार पावसाने रस्ते तुटले, मुदत टळली. मुदत टळली तर कायद्याने मृत्यू. मग मरायचंच तर बंड करून मरू, असं म्हणून छन शंग आणि ऊ ग्वांग उठले. शीच्या पट्ट्यांमध्ये वेठीच्या हजेरीचा कायदा आहे. तीन ते पाच दिवस उशीर झाला तर समज. सहा ते दहा दिवस, एका ढालीचा दंड. दहाहून जास्त, एका चिलखताचा. आणि अतिवृष्टी झाली तर वेठच रद्द. वेठ आणि सीमेवरची लष्करी चाकरी या दोन वेगळ्या बाबी आहेत, शीचा कायदा आधीच्या पिढीचा आहे, त्यामुळे सीमा छियेनला खोटं ठरवता येत नाही. पण पावसाची अडचण त्या कायद्याला माहीत होती, एवढं नक्की. माझा तर्क असा की बारा-पंधरा वर्षांत वरून येणाऱ्या मागण्या इतक्या वाढल्या, रस्ते, राजवाडे, थडगं, सीमा, की पट्टीवरचा पाऊस पाहायला कोणाला उसंत राहिली नाही.

इ.स.पू. २०६ मध्ये ल्यू बांगचं बंडखोर सैन्य राजधानी शियानयांगमध्ये शिरलं. सगळे सरदार सोन्याच्या आणि रेशमाच्या कोठारांकडे धावले. श्याओ ह नावाचा एक माणूस तेवढा दप्तरखान्याकडे गेला आणि कायदे, नकाशे, खानेसुमारीच्या वह्या त्याने ताब्यात घेतल्या. हा श्याओ ह पूर्वी पेई तालुक्यात छिनचाच कारकून होता. त्या दप्तरामुळे ल्यू बांगला देशात कुठे किती माणसं आणि कुठे किती धान्य हे ठाऊक झालं, आणि हान घराणं उभं राहिलं. बाहेर छिनला शिव्या आणि आत छिनचे कायदे, असा हानचा कारभार होता. १९८३-८४ मध्ये झांगज्याशान इथे सापडलेल्या इ.स.पू. १८६ च्या पट्ट्या शीच्या पट्ट्यांशेजारी ठेवल्या तर सावत्र नव्हे, सख्ख्या दिसतात.

मेंढीचा प्रश्न इ.स.पू. ६६ मध्ये सम्राट श्वेनने एका फर्मानात सोडवला. बाप-लेकाची ओढ, नवरा-बायकोचा धर्म, ही माणसाची प्रकृती आहे. संकटातही जिवावर उदार होऊन ते एकमेकांना वाचवतात. याविरुद्ध कायद्याने का जावं? इथून पुढे मुलाने आई-बापांना, बायकोने नवऱ्याला, नातवाने आजी-आजोबांना लपवलं तर शिक्षा नाही. मात्र मोठ्यांनी धाकट्यांना लपवलं आणि गुन्हा देहान्ताचा असेल, तर प्रकरण वर पाठवावं. याच सम्राटाला युवराज एकदा म्हणाला की आपण शिक्षेवर फार भिस्त ठेवता, कन्फ्युशियसवाल्या पंडितांना घ्यावं. श्वेन रागावला. हान घराण्याची स्वतःची रीत आहे, म्हणाला, बळाची वाट आणि धर्माची वाट यांची ती मिसळ आहे. नुसत्या सदाचाराच्या शिकवणीवर राज्य कसं चालेल?

श्वेनला हे बोलायचा अधिकार होता, कारण त्याचं पहिलं घर म्हणजे तुरुंग. इ.स.पू. ९१ मध्ये चेटकाच्या आरोपांवरून राजधानीत कत्तल झाली, त्यात त्याचा आजा, म्हणजे सम्राट ऊचा युवराज, आणि सगळं कुटुंब संपलं. काही महिन्यांचं हे पोर तेवढं तुरुंगात टाकलं गेलं. त्या प्रकरणाच्या तपासावर बिंग जी नावाचा अधिकारी होता. कन्फ्युशियसच्या लू प्रांतातला, कायदा शिकून तुरुंगातल्या कारकुनीपासून वर चढलेला. त्याने कैदी बायकांमधून दोघी निवडून त्यांच्या अंगावर बाळ पाजायला दिलं, पदरच्या पैशाने कपडेलत्ते, औषधपाणी केलं. इ.स.पू. ८७ मध्ये राजधानीच्या तुरुंगात सम्राटाचं तेज दिसतं आहे असं कोणा ज्योतिषाने सांगितलं आणि म्हाताऱ्या ऊने सगळ्या कैद्यांना सरसकट मारायचा हुकूम सोडला. हुकूम घेऊन अधिकारी रात्री दारात आला. बिंग जीने दार लावून घेतलं. आत सम्राटांचा पणतू आहे, तो म्हणाला. दुसऱ्या कोणाला निरपराध मारणंही चालणार नाही, मग सख्ख्या पणतूला कसं? उजाडेपर्यंत दार उघडलं नाही. हुकूम आणणाऱ्याने परत जाऊन तक्रार केली, पण ऊचा राग उतरला होता. दैवानेच त्याच्याकडून हे करवलं, असं म्हणून त्याने सार्वत्रिक माफी दिली.

पोर मोठं होऊन सम्राट झालं तरी बिंग जीने त्या रात्रीबद्दल तोंड उघडलं नाही. बऱ्याच वर्षांनी राजवाड्यातल्या एका दासीने, लहानपणी मीच सम्राटांना सांभाळलं, म्हणून बक्षीस मागितलं आणि साक्षीला बिंग जीचं नाव दिलं. बिंग जीने तिला ओळखलं, आणि सांगितलं की तुला तर हलगर्जीपणाबद्दल फटके बसले होते. खरं श्रेय वेइछंगची हू झू आणि हुआययांगची गुओ झंगछिंग या दोघींचं. सम्राटाने शोध घ्यायला लावला तेव्हा दोघी वारल्या होत्या. बक्षीस त्यांच्या मुलानातवंडांना मिळालं.